संक्रांतीचं काळं कार्ड

हाताने केलेलं भेटकार्ड कुणी माझ्या हातात ठेवलं की आधी माझी पाठ दुखायला लागते. देणाऱ्याला वाटतं, म्हातारीला भरून आलं. भरूनबिरून काही येत नाही. मला त्या कार्डाची कड दिसते. कात्री कुठे अडखळून पुन्हा चालली ते दिसतं, खळ कुठे जास्त झाली ते दिसतं. मग वाटतं, हे कापायला जी कोण बसली असेल ती वेळेवर जेवली तरी असेल का? नातसून म्हणते, "आजी, तुमच्या काळी माणसांना किती हौस होती ना!" हौस! आमच्या घरात कार्डं व्हायची तेव्हा हा शब्द कुणी काढला असता तर मी कात्री फेकून मारली असती.

लोणावळ्याच्या बाजाराच्या मागच्या आळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील, म्हणजे आबा, रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारे मजूर होते. मूळचे मावळातले शेतकरी, भावाभावांत जमीन पुरेना म्हणून नोकरीला आलेले. घरात आबा, आई आणि मी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई तिकोणा पेठेला दिलेली. मी सोळा वर्षांची, सातवी झाल्यावर घरी बसवलेली. बसवलेली हा शब्द अगदी नेमका आहे. सकाळच्या भाकरी झाल्या की मी पाटासमोर बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. उठताना गुडघे दोन्ही हातांनी सरळ करावे लागत. सोळाव्या वर्षी!

हे कागदाचं काम आईने एका बंगल्यात उचललं. हंगामात मुंबईची माणसं हवा खायला येत, त्यांच्याकडे ती वरकामाला जायची. तिथल्या बाईंना वाळवलेली फुलं कागदावर चिकटवून कार्डं करायचा नाद होता. आईने लादी पुसता पुसता बघून घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा पाहिलेली गोष्ट तिच्या बोटांतून जायची नाही. पुढे घोटीव कागदाची कमळं आली, बेगडाच्या माळा आल्या, गणपतीची मखरं आली आणि दसऱ्यापासून नाताळापर्यंत भेटकार्डं आली. बाजारातला एक दुकानदार सगळं घ्यायचा. आईला त्यात खरंच आनंद होता, हे मी नाकारत नाही. कमळाची शेवटची पाकळी बसली की ती ते लांब धरायची, डोळे बारीक करायची आणि स्वतःशीच "हं" म्हणायची. ते "हं" ऐकून मला रडू यायचं, कारण त्याच्यापाठोपाठ पुढची थप्पी माझ्यापुढे यायची. आईला कधी दमायला झालंच नाही. तिच्या वाटचं सगळं दमणं माझ्याकडे आलं होतं.

आणि याच कागदाने आमच्या घराचं वाटोळं होता होता राहिलं.

ताईच्या लग्नात रुखवत मांडायचं होतं. भांडीकुंडी फारशी नव्हती, तेव्हा आईने कमाल केली. कागदाची सीताफळं, कागदाचे पेरू आणि ताटभर कागदाच्या करंज्या, आत कोंडा भरून. मुरड अशी घातली होती की माशीसुद्धा फसावी. विहीणबाई आल्या, बायकांच्या घोळक्यात रुखवत बघू लागल्या आणि सहज एक करंजी उचलून त्यांनी तोडली. मूठभर कोंडा लुगड्यावर सांडला. सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. विहीणबाईंनी ती फाटकी करंजी परत ताटात ठेवली, लुगडं झटकलं आणि त्या दिवसापासून आमचं नाव टाकलं. "कागदाची माणसं," म्हणायच्या. "तोंडाला कागद लावला आमच्या."

त्यांनी पहिल्या बाळंतपणाला ताईला माहेरी धाडलंच नाही. ऐन श्रावणात तिला दोन दिवस कळा येत होत्या. पवनेला पूर, पलीकडे जायला वाट नाही, गावात एक म्हातारी सुईण. पोर गेलं. आम्हाला पाच दिवसांनी कळलं. आई उठून तिकोणा पेठेला गेली. विहीणबाईंनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. दारातच सांगितलं, "कागदाच्या घरात आमची सून पुन्यांदा न्हाई पाऊल टाकायची." आई आल्या पावली परत आली.

वर्ष-दीड वर्षाने निरोप आला, ताईला पुन्हा दिवस गेलेत. त्या दिवसापासून आईच्या डोक्यात एकच गोष्ट. या वेळी पोरीचं बाळंतपण लोणावळ्यात, दवाखान्यात झालं पाहिजे, नाहीतर या खेपेला पोरगीही जाईल. आबा देहूरोडला जाऊन जावयाला भेटले. तो तिथल्या डेपोत कामाला होता, रविवारचा तेवढा गावी जायचा. भला माणूस, पण स्वतःच्या आईपुढे ब्र काढायचा नाही. गेटवर उभा राहून म्हणाला, "मामा, आई म्हणंल तसं."

मग उरली कार्डं. आईने दसऱ्याला विहीणबाईंना कार्ड धाडलं, दिवाळीला धाडलं. आत मी लिहायची, "लेकीला बाळंतपणाला पाठवावी ही विनंती." एकाचंही उत्तर नाही. मी म्हटलं, "आई, त्यांना कागदाचाच राग आलाय आणि तू त्यांना कागदच धाडतेस."

"मग काय धाडू?" आई म्हणाली. "माझ्याकडं दुसरं हाय काय?"

सातवा महिना लागत होता. संक्रांत आली.

काळ्या कार्डाची कल्पना आईचीच. आमच्याकडच्या ओढ्यांकाठी एक नेचा उगवतो, त्याच्या पानाची पाठ पांढरी असते. पोरं ते पान हातावर ठेवून थापट मारतात, की हातावर पांढरं नक्षीदार पान उमटतं. आम्ही त्याला चांदीचं पान म्हणायचो. आईने ते काळ्या कागदावर उमटवलं. मग धोबी इस्त्रीच्या कपड्यावर तोंडाने पाणी फुंकतो तसं तिने त्यावर पातळ डिंकाचं पाणी फुंकलं, म्हणजे भुकटी पुसली जात नाही. काळ्याभोर कागदावर ते पांढरं पान असं उठून दिसत होतं की मीसुद्धा दोन मिनिटं पाठ विसरले. एरवी काळा रंग कुणी सणाला हातात धरणार नाही, पण संक्रांतीला तो चालतो. आई म्हणाली, "हे बघून दगडालाबी पाझर फुटंल."

दगडाला फुटायच्या आधी दुकानदाराला फुटला. नमुना बघून त्याने सांगितलं, असली जितकी होतील तितकी द्या. झालं. त्या पौषात आमचं घर काळं झालं. फरशीवर काळे कागद, दोरीवर काळे कागद, आबांच्या जेवणाच्या डब्याखाली काळा कागद. आई सकाळी वळवणच्या अंगाला ओढ्यावर पानं आणायला जायची, कारण थंडीत ती सावलीतल्या ओलीवरच सापडतात. मी घरी काळा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवायची, कडा कापायची, घडी घालायची, आत मजकूर लिहायची. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेलं असायचं, त्याने बोटांची सालं निघाली होती. भाकरी मोडली की मोरचुदाचा वास यायचा. मी कुणाशी धड बोलत नव्हते. आबा विचारायचे, "काय गं, बरं न्हाई का?" मी म्हणायची, "बरी आहे." बरी नव्हते. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

विहीणबाईंच्या कार्डावरचं पान आईने शंभरातून निवडून उमटवलं होतं. पत्राच्या चार कोपऱ्यांना ती एरवी हळदकुंकू लावायची, पण काळ्यावर कुंकू उठत नाही म्हणून कोपरे तसेच सोडले. "एवढं चिकटव, आत लिही आन् टपालात टाक," म्हणाली आणि ओढ्यावर गेली.

दुपार होती. मी लिहिलं, चिकटवलं, पाटावर दाबून ठेवलं आणि पुढच्या थप्पीला लागले. खळ कडेने बाहेर आली होती, ते मला दिसलं नाही. घटकाभराने कार्ड उचलायला गेले तर एक कोपरा पाटाला धरून बसला होता. ओढलं, तर तेवढा कोपरा पाटावरच राहिला. पुठ्ठ्यासकट.

इथे सांगायला हवं, कारण आता हे कुणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे मौतीचं पत्र धाडायचं तर त्याचा कोपरा फाडायचे. असं पत्र आलं की कुणी घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि आंघोळ करायची. वाचता न येणाऱ्यालाही कोपरा बघून कळायचं. हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला माहीत होतं.

मी त्या कार्डाकडे बघत बसले. दुसरं करायचं तर पान उमटवण्यापासून सगळं आलं, आणि निवडून ठेवलेलं पान तर संपलं. मी थकले होते. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले की मी थकले होते. थकले होते हे खरंच आहे. पण बसल्या बसल्या एक विचार माझ्या मनात आला होता आणि तो मी हाकलला नाही. आईची कागदं बघून ही माणसं हलायची नाहीत, कुणी मेलं तर मात्र हलतील. तेवढाच विचार. पुढचं काही नाही. मी कार्ड पाकिटात सरकवलं, पाकीट उघडंच ठेवलं, कारण उघड्याला तिकीट कमी लागायचं, पत्ता लिहिला आणि टपालपेटीत टाकून आले. येताना पाय हलके वाटत होते, हेही आठवतं. आई परत आली तेव्हा मी कडा कापत होते.

आठ दिवस गेले. मी विसरले असं म्हणणार नाही, पण कामाच्या रगाड्यात ते खाली दबून गेलं.

भोगीचा दिवस. उद्या संक्रांत, म्हणजे कामाचा शेवटचा दिवस. भोगीला बायका डोक्यावरून न्हातात. आई नुकतीच न्हाली होती. केस ओले, पाठीवर मोकळे, कपाळावर कुंकू अजून लावायचं होतं. तेवढ्यात दुकानदाराचा निरोप आला की राहिलेली कार्डं आत्ताच द्या, म्हणून ती तशीच पाटासमोर येऊन बसली होती. आबा शेडमध्ये कामावर.

आळीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. आमच्याकडे मौतीला भेटायला येणाऱ्या बायका घर दिसू लागलं की रडायला सुरुवात करतात, म्हणजे घरातल्यांना कळतं. मला आवाज ओळखू आला. ताईचा. मी उठले, आणि माझ्या हातातल्या कुंच्यातली खळ गळत राहिली.

दारात ताई, मागे विहीणबाई डोक्यावर गाठोडं घेऊन, त्यांच्या मागे सासरे पागोटं हातात घेतलेले. ताईचं पोट पुढे आलेलं, पाय धुळीने पांढरे, तोंड सुजलेलं. तिने घरात नजर टाकली. आई मोकळ्या केसांची, कपाळ पांढरं. मी उभी. आबा नाहीत.

"आबा गं!" म्हणून ती जी आईच्या अंगावर कोसळली!

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने एवढंच ऐकलं, आबा. तिला वाटलं, शेडमध्ये काहीतरी झालं, इंजिनाखाली सापडले, आणि ही बातमी आपल्या आधी पोरीला कळली. आईने तोंडावर हात मारून घेतला आणि असा टाहो फोडला की शेजारच्या बायका धावत आल्या. विहीणबाईंनी आईला मिठीत घेतलं. दोन वर्षं ज्या बाईने पाणी विचारलं नव्हतं ती आईचं डोकं छातीशी धरून म्हणत होती, "इवायांसारखा देवमाणूस! आसं कसं झालं वो, इन्बाई?" आई म्हणत होती, "सकाळी तर भाकर घेऊन गेल्यात!" शेजारणी रडू लागल्या. सासरे दारात उपरण्याने डोळे पुसत होते.

मला एकटीला ठाऊक होतं की कुणी मेलेलं नाही. पण इतकी माणसं एकदम रडायला लागली की आपल्यालाही शंका येते. क्षणभर मला वाटलं, आबा खरंच गेले आणि ते मीच केलं.

आणि मग आबा आले. जेवायच्या सुट्टीत, हातात डबा, तोंडाला काजळी. दारातली गर्दी बघून ते थबकले. टोपी काढली, आणि खालच्या आवाजात सासऱ्यांना विचारलं, "आमच्यातलं का तुमच्यातलं? कोण गेलं?"

कुणी हसलं नाही. लिहिताना आता मला हसू येतंय, पण तेव्हा कुणीही हसलं नाही. मग ताई उठली, आबांच्या तोंडाला हात लावून बघितला, हाताला काजळी लागली ती बघितली, आणि मटकन खाली बसली.

हळूहळू उलगडा झाला. काल सांजेला टपालवाला, लोणावळ्याहून आलंय एवढं सांगून, कार्ड देऊन गेला होता. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, जावई देहूरोडला. काळं पत्र, कोपरा फाटका, त्यात वाचायचं काय? त्यांनी ते गावाबाहेर ओढ्यावर नेऊन फाडलं आणि येऊन सांगितलं, सुनेच्या माहेरचं हाय. पहाटे निघून सात महिन्यांची पोटुशी पोरगी चालत दुधिवऱ्याची खिंड चढली, मळवलीला उतरली आणि गाडीत बसून आली.

विहीणबाई आईपासून लांब सरकल्या. "पयल्यांदा कागदाची करंजी," त्या म्हणाल्या, "आन् आता कागदाची मौत. कुनी फाडला कोपरा?"

आईने पाटाकडे बघितलं. वाळायला ठेवलेल्या सगळ्या कार्डांचे चारी कोपरे जागच्या जागी होते. मग तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. "माझ्याच हातनं झालं," ती म्हणाली. "डोळ्यांना दिसंना झालंय मला. चुकले, इन्बाई." आणि ओल्या केसांनी तिने विहीणबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. आज कितीही शब्द लिहिले तरी ते न बोलणं भरून निघत नाही.

विहीणबाईंनी पुढे काय केलं असतं कोण जाणे, पण ताईच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, पोट चाचपलं, सुजलेल्या पायांवर बोट दाबून बघितलं आणि विहीणबाईंना खडसावलं, "हिला इथून हलवायचं नाही. पायी तर बिलकूल नाही. एवढं चालवलीच कशी?" वाटेत दोनदा विहीणबाईंनीच ताईला बसवून तिचे पाय चेपले होते, गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, हे नंतर ताईने सांगितलं. संक्रांत त्यांनी आमच्याकडेच काढली. आईच्या हातचा तिळगूळ घेतला, पण गोड काही बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच. पोर नीट झालं तर धाडा."

फाल्गुनात ताई मोकळी झाली. अडली होती, दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, गावी असती तर दोघींपैकी एकही वाचली नसती. मुलगी झाली. आज तिला नातवंडं आहेत. तिला बघितलं की मला वाटतं, बरं केलं मी. आणि पाठोपाठ ताईचं ते धुळीने भरलेलं तोंड आठवतं आणि वाटतं, काय केलं हे मी? दोन्ही खरं आहे आणि दोन्हींनी थकायला होतं.

आईने मला कधीही विचारलं नाही. वाट बघून मी दमले. ओरडली असती तर बरं झालं असतं, एक थोबाडीत दिली असती तर त्याहून बरं. तिने एवढंच केलं की त्यानंतर चिकटवायचं काम स्वतःकडे घेतलं. मला म्हणायची, "तू बस जरा. दमतेस." ज्या शब्दांसाठी मी वर्षानुवर्षं झुरले ते शब्द असे मिळाले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा रुखवतात एकही कागद नव्हता.

आबा पाच-सहा वर्षांनी गेले. ताई आली, सगळं केलं, पण तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका कुजबुजल्या. मला वाटलं, सासरी राहून घट्ट झाली. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. तोवर पवनेवर धरण झालं होतं, ताईची खालची शेतं पाण्याखाली गेली होती. या वेळी मी तार केली, कार्ड नाही. ताई एसटीने आली. आईचं तोंड बघितलं, पदर सारखा केला, पाय धरले आणि बाजूला होऊन बायकांना पाणी देऊ लागली. रडली नाही.

दहावं झाल्यावर आम्ही दोघी मागच्या दारी तांदूळ निवडत बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तो कोपरा मी फाडला होता. आईने नाही. आणि दिसत असून धाडलं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आईनं तसलं कार्ड कवाच धाडलं नसतं."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

ती खडा शोधत राहिली. मग म्हणाली, "मामंजींनी मला येवढंच सांगितलं व्हतं, म्हायेरचं हाय, कोपरा न्हाई. कोण गेलं ते कुनालाच ठावं न्हवतं. मग चालताना मी एकेकाला मारलं. खिंडीच्या पायथ्यापातूर आबांना रडले. खिंडीत वाटलं, आबा न्हाईत, आई आसंल, तिला खोकला व्हता. उताराला सारा वखत आईलाच रडले. तुमच्या दारात आले तवा पुन्यांदा आबाच वाटले. पर ते लटकं न्हवतं गं. खरंच गेल्यावानी रडले. त्यातनं परत काय फिरून आलंच न्हाई. आबा गेले तवा बसून वाट बघितली, रडू येईना. आई गेली तरी येईना. त्येंचं झालंय माझं रडून."

सुपातले तांदूळ तिने एका बाजूला घेतले.

"मळवलीला गाडीत बसले तवा वाटलं, तूच आसशील," ती म्हणाली. "तुला तर लय रडले, ल्हान म्हणून. तवा तुझंबी झालंय. तू माझ्या आधी गेलीस तर मी आशीच कोरडी बसंन, लोक नावं ठेवतील. तू राग मानू नगंस."

मी मान हलवली. राग कसला मानणार? ती सूप घेऊन आत गेली.